डबा रिकामा आहे, हे कोणी दाखवायचं?

प्रश्न : स्वीडनची ‘व्ही-डेम’ संस्था भारताला ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ म्हणते. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीपासून बायकांना मत आहे; स्वित्झर्लंडनं ते १९७१ साली दिलं. मग लोकशाही आपणच का सिद्ध करायची? त्यांनी करावी की!
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वित्झर्लंडचा मुद्दा बिनतोड. तिथल्या आपेनझेल इनररोडन कँटनमधल्या पुरुषांनी तर १९९० सालीही नकार दिला, शेवटी कोर्टानं भाग पाडलं. पण शेजारचा कॉपी करताना सापडला म्हणून माझ्या वर्गातल्या कुणाचा पेपर तपासायचा राहत नाही. मास्तर आहे, दुसरी उपमा सुचत नाही.

२०२४च्या लोकसभेला मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची चाचणी. उमेदवारांच्या एजंटांसमोर ५० मतं टाकली, मतं नोंदवणाऱ्या कंट्रोल युनिटचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवल्या, मशीन क्लिअर केलं, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घातल्या. एक पोरगेला एजंट म्हणाला, “सर, डबा परत दाखवा.” घड्याळाकडे बघत मी चरफडलो, पण मोबाइलचा टॉर्च लावून चिठ्ठ्यांचा रिकामा डबा दाखवला. आत काय असेल अशी शंका आहे, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायचा मला हक्कच नव्हता. मशीन माझ्या ताब्यात होतं, त्याच्या नाही.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २००९मध्ये हेच म्हटलं. २००५च्या निवडणुकीत मशीनमध्ये घोटाळा झाल्याचा पुरावा नव्हता, निवडणूकही रद्द झाली नाही. तरी ती मशीनं घटनाबाह्य ठरली, कारण तांत्रिक ज्ञान नसलेल्या मतदाराला मोजणी पडताळता येत नव्हती. आपल्याकडे एका विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४मध्ये फेटाळली. मला जर्मनांचं पटतं.

राहिली व्ही-डेम. त्यांचे बरेचसे गुण तज्ज्ञांच्या मतांवर ठरतात, तेव्हा त्यांनाही खुशाल हिशेब मागा. आकडे ते खुले ठेवतात. पण स्वीडनला आपण काही देणं लागत नाही. देणं लागतो ते त्या पोराला.

संध्याकाळी मी एजंटांना १७-सी, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, याच्या प्रती दिल्या. त्या पोरानं एकूण मतांच्या आकड्यावर बोट ठेवून तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, मग कागदाची चौघडी करून खिशात घातली.