दीड बोट उघडणारं तोंड, मानेत पू आणि हातात स्कोलीन : माझा अनुभव

तुमची पोस्ट दोनदा वाचली. उपजिल्हा रुग्णालय, रात्रीची वेळ, दाढेचा पू जबड्याखालून मानेत उतरलेला तिशीतला पेशंट, खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाची) सवय, तोंड जेमतेम दीड बोट उघडतंय. भूल दिली, श्वासाची नळी घालायला तीनदा लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र दाखवणारं उपकरण) घातला, काही दिसलं नाही, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) साठच्या खाली गेलं. दुसऱ्या केससाठी आलेले कान-नाक-घशाचे सर्जन बाहेरच चहा घेत होते म्हणून ट्रॅक (ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे मान उघडून थेट श्वासनलिकेत नळी) झाली आणि पेशंट वाचला. सर म्हणतात नशीब चांगलं, आणि तुम्ही विचारताय, "माझं चुकलं का? झोप लागत नाही."

चुकलं. पण तुम्हाला वाटतंय तिथे नाही. तुमची अख्खी पोस्ट तिसऱ्या अटेम्प्टबद्दल आहे: मॅकॉय ब्लेड (टोक उचलता येणारं लॅरिंगोस्कोपचं पातं) असतं तर, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असता तर, स्वरयंत्र दिसावं म्हणून सिस्टरने गळा बाहेरून नीट दाबला असता तर. मीही बरीच वर्षं हेच उगाळत बसले होते. मॅलमपटी, हनुवटीचं अंतर, प्रीऑक्सिजनेशन ही भुलीआधीची नेहमीची तपासणी-तयारी तुम्हाला येतेच, त्यात जात नाही. माझी केस सांगते.

२००९. मी जिल्ह्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ म्हणून कंत्राटावर होते. रात्री दोनला बोलावणं आलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, डाव्या खालच्या दाढेपासून सुरू झालेली सूज दोन्ही बाजूंनी मानेत उतरलेली, हनुवटीखाली बोट लावलं तर लाकडाला लावल्यासारखं. जीभ वर ढकललेली. लाळ गिळता येत नव्हती म्हणून हातात टॉवेल धरून बसला होता, आणि थिएटरमधल्या मामांनी (अटेंडंटनी) टेबलवर निजवायला घेतलं तसा दोन्ही हातांनी 'नको नको' करू लागला. आम्ही निजवलं.

मी मनाशी दोन हिशेब केले होते. पहिला, तोंड दुखण्यामुळे उघडत नाहीये, औषध गेलं की जबडा सैल पडेल. दुसरा, नाहीच जमलं तर स्कोलीनच (स्नायू थोडा वेळ लुळे करणारं औषध) आहे, पाच-सात मिनिटांत उतरेल आणि हा आपला आपण श्वास घ्यायला लागेल.

दोन्ही खोटे. दुखण्याने आवळलेला जबडा बऱ्याचदा सैल पडतो, पण वर्षानुवर्षं खर्रा चघळून गालाच्या आतलं अस्तरच दोरीसारखं झालेलं असेल तर तुम्ही जगातलं कुठलंही औषध द्या, ते तोंड एक मिलिमीटर जास्त उघडत नाही. आपल्या विदर्भात हे दोन्ही आजार एकाच तोंडात सापडतात, हीच गोम. सूज चार दिवसांची असते, दोऱ्या दहा वर्षांच्या. आणि स्कोलीनचं म्हणाल तर नेहमीच्या डोसनंतर पेशंट पुरेसा श्वास घ्यायला लागण्याआधीच बहुतेकांचं सॅच्युरेशन धोक्याच्या खाली गेलेलं असतं. अमेरिकन भूलतज्ज्ञ बेन्यूमॉफ यांनी हे १९९७ मध्येच मांडलं होतं. मी ते वाचलंही होतं. रात्री दोन वाजता वाचलेलं आठवत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक खर्रावाल्याला एकच प्रश्न विचारते : "सूज यायच्या आधी आख्खी पाणीपुरी तोंडात जायची का?" बोटं मोजण्यापेक्षा हे उत्तर खरं निघतं. "नाही मॅडम, फोडून खातो," म्हणाला की समजायचं. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते का, हेही विचारा. गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवर पन्नीत घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याला अजून काही कमी नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला निवृत्तीपर्यंत पुरेल.

तर औषध गेलं. पहिला अटेम्प्ट, ब्लेडच धड आत जाईना. मास्कने हवा जात होती, छाती उचलत होती. दुसरा, रक्त. तिसऱ्याच्या वेळी माझ्या उजव्या हाताला उभी असलेली सिस्टर, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल, हळूच म्हणाली, "मॅडम, ट्रॅकचं सामान काढू का?"

मी म्हटलं, "थांब."

तो एक शब्द मला सगळ्यात महागात पडला. चौथ्या अटेम्प्टनंतर मास्कनेही हवा जाईना. एलएमए (घशात बसवायचा मास्क) आत जायचा प्रश्नच नव्हता, दीड बोटातून तो जातो कुठे? आता ट्रॅकचं सामान काढा म्हटलं, तर ते शेजारच्या थिएटरच्या कपाटात, आणि किल्ली ड्यूटी संपवून घरी गेलेल्या इन्चार्जकडे. कपाट फोडलं. सर्जनने त्या लाकडासारख्या मानेत रीतसर ट्रॅकिओस्टॉमी करायला घेतली, थर-थर करत. सॅच्युरेशन शेवटचं नव्वदच्या वर होतं तेव्हापासून मानेत नळी बसेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्यातली सात माझी होती. थांबलेलं हृदय परत सुरू झालं. माणूस शुद्धीवर आला नाही, नवव्या दिवशी गेला.

पुढे मला इंग्लंडची एलेन ब्रोमिली यांची केस वाचायला मिळाली. २००५, सायनसचं साधं ठरवून केलेलं ऑपरेशन. नळी जाईना, हवाही जाईना, आणि अनुभवी डॉक्टर नळीच्याच मागे लागले. नर्सेसनी ट्रॅकचं सामान आणून ठेवलं होतं, आयसीयूत बेड तयार असल्याचंही सांगितलं होतं. त्यांचे पती मार्टिन हे पायलट. त्यांनी दोष कोणाचा हे न विचारता खोलीत असं झालं कसं हे विचारलं, आणि त्या विषयावर पुढे संस्थाच उभी केली. ते वाचताना मला माझी ती सिस्टर दिसली. मी तिला 'थांब' म्हटलं ते उद्धटपणाने नाही. मानेत नळी घालायचा निर्णय मी घेतलाच नव्हता, त्यामुळे तिचा प्रश्न मला अपशकुनासारखा वाटला.

म्हणून, डॉक्टर, तुमची चूक तिसऱ्या अटेम्प्टला झालेली नाही. पहिलं औषध देण्याआधी मान कोण कापणार, कशाने, आणि कुठल्या क्षणी, हे ठरलं नव्हतं, ती झाली. तुमचे सर्जन बाहेर चहा पीत होते. ते हात धुऊन आत उभे असायला हवे होते.

आता मी काय करते ते. हे माझं मत आहे, प्रोटोकॉल नाही. तुमच्याकडे कोण माणसं आहेत, काय सामान आहे त्यावर ठरवा. आणि डॉक्टर नसलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी यात करण्यासारखं काहीही नाही, फक्त खर्रा सोडा.

अशा पेशंटला मी झोपवत नाही. बसलेला आहे तर बसलेलाच. जागेपणी फायबरऑप्टिकने (बारीक लवचिक दुर्बिणीने) नळी, किंवा जागेपणीच गळ्यात लोकल (तेवढीच जागा बधिर करणारं औषध) देऊन ट्रॅक. फायबर नाही, व्हिडिओ ब्लेड आत जाण्याइतकं तोंड नाही, सर्जनला ट्रॅकची सवय नाही, तर तो पेशंट आपला नाही. ऑक्सिजन लावून, बसवून, सोबत जाणता माणूस देऊन पुढे पाठवा, पण तो बोलू शकतोय तोवर. घरघर सुरू झाल्यावर अँब्युलन्समध्ये घालणं म्हणजे आपल्या माथ्याचं ओझं ड्रायव्हरच्या माथी. माझे गुरू जागेपणी नाकातून आंधळी नळी घालण्यात वाकबगार होते, नुसत्या श्वासाच्या आवाजावर घालायचे. नुसत्या आवळलेल्या तोंडासाठी ती विद्या अजूनही सोन्यासारखी आहे. पण मानेत पू असताना मी ते करणार नाही. नळीने गळू फुटलं तर पू थेट फुप्फुसात. सुजलेल्या मानेतून सुईने लोकल द्यायलाही जाऊ नका, नेब्युलायझर आणि स्प्रेवर भागवा. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा हिशेब मात्र कागदावर लिहा : वरून लावायची कमाल मर्यादा किलोमागे ९ मिलिग्रॅम, आणि दहा टक्क्यांच्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे १० मिलिग्रॅम. उत्साहात पंचवीस फवारे कधी होतात कळत नाही.

झोपवावंच लागलं तर आधी, पेशंट जागा असतानाच, मानेवर स्केचपेनने क्रिकोथायरॉइडची जागा (कंठमण्याखालचा पातळ पडदा, मान इथेच उघडायची) खूण करा. हाताला लागत नसेल तर मधली रेघ तरी काढा. ट्रे उघडून पेशंटच्या डोक्याशी ठेवा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला : "दोन प्रयत्न मी करीन. मास्कनेही हवा गेली नाही तर सर मान उघडतील, मला विचारायचं नाही." ब्रिटिश डीएएसच्या (डिफिकल्ट एअरवे सोसायटी) २०१५ च्या मार्गदर्शनात तीन प्रयत्न आणि जास्त अनुभवी माणसाचा आणखी एक, असं आहे. आपल्याकडच्या एआयडीएएने (ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन) २०१६ मध्ये त्याहून आखडतं घेतलं, आणि प्रत्येक प्रयत्नाला सॅच्युरेशन ९५ च्या वर असण्याची अट घातली. नळी घालताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवा, हेही त्यांनीच सांगितलंय. फुकटात मिळणारी मिनिटं आहेत ती.

मान उघडायची तर : दहा नंबरचं सर्जिकल ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लांब, लवचिक काडी), सहा नंबरची कफवाली (फुगा असलेली) नळी. बस. आडवा छेद थेट पडद्यातून, ब्लेडची धार आपल्याकडे. मग ब्लेड न काढता धार पायांकडे वळवायची, थोडं आपल्याकडे ओढायचं, फट दिसते, तिच्यातून ब्लेडला घासत बूजी आत, तिच्यावरून नळी. रक्त येणारच, ते बघत बसू नका, पुढचं काम बोटांचं आहे. जागा लागतच नसेल तर आठ-दहा सेंटिमीटरचा उभा छेद मधोमध घ्या, बोटांनी बाजूला सारत स्वरयंत्र शोधा आणि मग तेच. चौदा नंबरची जेल्को (सलाइनची जाड सुई) टोचून वेळ काढू, असं कोणी म्हणालं तर त्याला ब्रिटनचा २०११ चा एनएपी-४ (श्वासमार्गाच्या गंभीर घटनांचा राष्ट्रीय अहवाल) वाचायला द्या. तिथे सुईने केलेले प्रयत्न शंभरात साठच्या आसपास फसले होते. लहान मुलांचं गणित पूर्ण वेगळं, त्यात हे घुसडू नका.

नळी कुठूनही गेली तरी कॅपनोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आलेख दिसत राहिला पाहिजे. नळीत वाफ दिसली, छाती हलल्यासारखी वाटली, हे पुरावे नाहीत, अन्ननलिकेतल्या नळीतही वाफ दिसते.

सामानावरून आठवलं, जरा पोट रिकामं करते. त्या केसनंतर मी बूजीची मागणी लिहिली, पाच नग. कार्यालयाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, ज्याने कधी मागणीपत्र लिहिलंय त्याला ते कार्यालय माहीत आहे. चार महिने काही नाही. मग शेरा आला, "सदर साहित्य साठ्यात उपलब्ध असल्याने खरेदीची आवश्यकता नाही." मी स्टोअरला गेले. तिथल्या बाबूंनी मोठ्या आत्मीयतेने कपाट उघडून मला बूजींचा आख्खा संच दाखवला. लोखंडी, बाकदार, चकचकीत. लघवीची वाट रुंद करायच्या बूजी. मी समजावलं. ते म्हणाले, "मॅडम, नाव तर तेच आहे ना? ऑडिटला मी काय सांगू?" दुसऱ्या मागणीत 'श्वासनलिकेसाठी' असं लिहिलं, तर तांत्रिक तपशील अपुरा म्हणून परत. तिसऱ्या वेळी आर्थिक वर्ष संपलं. शेवटी मी स्वतःच्या पैशाने घेतली, तेव्हा हजाराच्या आत पडली होती. ती, दोन ब्लेडं आणि एक नळी एका पारदर्शक पिशवीत घालून भुलीच्या मशिनला दोरीने बांधून ठेवली. कुलूप नाही, किल्ली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय लोंबतंय? तुम्हीही तशीच बांधा. साहित्याची वाट बघू नका. आणि हो, पावती जपून ठेवा, परत मिळत नाहीत पण जपून ठेवा.

तुमच्या पेशंटचं अजून एक काम बाकी आहे. त्याची ट्रॅक निघेल, तो घरी जाईल, दोन वर्षांनी हर्नियासाठी दुसरीकडे दाखल होईल आणि तिथल्या भूलतज्ज्ञाला काही माहीत नसेल. डिस्चार्ज कार्डवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा : "यांना भूल देताना श्वासाची नळी तोंडातून जात नाही. मास्कने हवा देणेही अवघड गेले. गळ्यातून नळी घालावी लागली. पुढे कोणत्याही ऑपरेशनआधी हा कागद दाखवावा." मुलाला किंवा बायकोला त्याचा मोबाइलवर फोटो काढायला लावा. कार्डं पावसात भिजतात.

झोपेचं मला सांगता येणार नाही, मला वर्ष लागलं. हाताची भीती मात्र घालवता येते. खाटकाकडून बकऱ्याचं नरडं आणा, थर्माकोलवर टाचण्यांनी पक्कं करा, वर कातडीच्या जागी जुन्या सायकलट्यूबचा तुकडा ताणून लावा आणि ब्लेड, बूजी, नळी करत राहा. डोळे मिटूनही दहा-बारा वेळा करा, कारण खऱ्या वेळी रक्तात काही दिसत नाहीच. सर्जनलाही बसवा, सिस्टरलाही. फक्त खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर स्वरयंत्र मुंडीबरोबर जातं आणि आपल्या हातात नुसती नळी येते.