रविवारी कुठे भेटायचं ते आधी सांगा

प्रश्न: नमस्कार, मी मुलुंड पूर्वेला राहते. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, चाळीसेक जण, त्यातले निम्मे रिटायर्ड. कमिटीने ठरवलं की आपली वेबसाइट हवी, मग एकाच्या भाच्याने दोन महिने खपून ती केली. उघडली की आधी लोगो गरागरा फिरतो, मग अध्यक्षांचं मनोगत, मग स्थापनेचा इतिहास, खाली ‘आपण अमुक इतकेवे पाहुणे’ असा आकडा. सगळे खूश आहेत. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटतं पण नेमकं काय ते सांगता येत नाही, म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसले. चांगली वेबसाइट म्हणजे नक्की काय हो?

उत्तर: ताई, गप्प बसू नका, तुमचं बरोबर आहे. भाच्याला मात्र बोलू नका, त्या पोराने फुकटात दोन महिने दिलेत आणि मनोगत टाका हे त्याला कुणीतरी मोठ्या माणसानेच सांगितलं असणार.

आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपच्या साइटवर वाचलं, ‘रविवार २३ तारीख, शिवडी, फ्लेमिंगो, सकाळी सात’. साडेपाचला उठलो, थर्मासमध्ये चहा भरला, हार्बरची गाडी पकडून शिवडीला उतरलो, चालत जेट्टीपर्यंत गेलो तर तिथे दोन कुत्रे आणि एक मासे पकडणारा. कुणीच नाही. घरी येऊन नीट बघितलं तर ते आमंत्रण त्याच्याही काही वर्षं आधीचं होतं, तारीख वार सगळं लिहिलेलं, फक्त साल नव्हतं. त्या ग्रुपकडे मी पुन्हा कधी फिरकलो नाही. ग्रुप वाईट असेल असं नाही, पण मला त्यांची ओळखच अशी झाली ना.

तर तुमच्या साइटचा खरा वाचक कोण, तर शनिवारी रात्री दहाला जेवण उरकून फोन हातात घेतलेला आणि उद्या जावं का नको या विचारात असलेला नवा माणूस. तुमचे चाळीस जण नव्हेत, त्यांना सगळं माहीतच आहे. या नव्या माणसाला उघडल्या उघडल्या, बोटाने वर न सरकवता, पुढची फेरी कधी (सालासकट), कुठे आणि कुणाला विचारायचं एवढं दिसलं पाहिजे. मनोगत आत कुठेतरी ठेवा, ‘आमच्याविषयी’ मध्ये, अध्यक्षही नाराज होणार नाहीत. फिरता लोगो आणि पाहुण्यांचा आकडा काढूनच टाका, आकडा लहान असला तर लाज वाटते आणि मोठा असला तर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता ‘कुठे’ म्हणजे काय, तर नुसतं ‘नॅशनल पार्क’ असं नाही. बोरिवली पूर्व, मेन गेट, तिकीट खिडकीपाशी. मुंबईत पूर्व की पश्चिम हे लिहिलं नाही तर माणूस पुलावरून दोनदा जा-ये करतो आणि मग तडक घरी जातो. पार्क सोमवारी बंद असतं तेही एका ओळीत टाका, कुणीतरी रजा काढून सोमवारी जाऊन येतोच. आणि रविवारचा मेगाब्लॉक! तो बहुतेक वेळा साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो, म्हणजे सकाळी जाताना गाडी मिळते आणि परतताना अडकायला होतं, लहान मुलं बरोबर असली तर विचारू नका. शनिवारी ब्लॉकची बातमी आली की एक ओळ साइटवर टाकायची, दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या छंदाला लागू पडणारी अजून एक गोष्ट सांगतो कारण ही चूक भरपूर ग्रुप करतात. ‘दर रविवारी सकाळी आठ, शिवडी’ असं कायमचं वेळापत्रक लिहून मोकळे होतात. खाडीवरचे पक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे आठवडाभरात जवळपास सहा तासांचा फरक पडतो, म्हणजे या रविवारी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला जवळजवळ ओहोटी. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि फ्लेमिंगो पार दूर गुलाबी ठिपके होऊन बसतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो मग ते उठून जातात. मजा असते ती मधल्या वेळेत, पाणी चढत असताना पक्षी काठाकडे सरकत येतात तेव्हा. त्यामुळे त्या दिवसाची भरतीची वेळ बघून भेटायची वेळ ठरवा आणि दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा. नव्या माणसाला तेवढ्यावरूनच कळतं की या लोकांना काहीतरी येतं.

फोटोंबद्दल. लोकांचे कॅमेरे आता एवढे भारी झालेत की एकेक फोटो पाच-सहा एमबीचा निघतो, असे वीस फोटो पहिल्याच पानावर टाकले तर लोकलमध्ये नेटवर्क येत-जात असताना साइट उघडतच नाही. साधारण दीड हजार पिक्सेल रुंदीवर आणून दोन-तीनशे केबीच्या आत बसवा, फोनवर फरक कुणाला दिसत नाही. आणि घरट्याचं नेमकं ठिकाण लिहू नका. घुबडाचं घरटं सापडलं की पंचवीस कॅमेरे तिथे जमतात, पिल्लांचे हाल होतात. फोनने काढलेल्या मूळ फोटोत बऱ्याचदा ठिकाणाची माहिती आतच दडलेली असते, तीही काढून मगच टाका. शाळकरी मुलांचे फोटो आईबाबांना विचारून, आणि ‘मूल’ म्हणजे फक्त दहा वर्षांचं असं समजू नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळेच मूल.

मराठीत लिहा. मी आग्रहाने सांगतो. तांबट, खंड्या, वेडा राघू, हळद्या, भारद्वाज ही नावं वाचून आजोबा-नातू दोघं येतात, शेजारी इंग्रजी नावही द्या म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी सापडेल. पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत टाइप करा. छपाईच्या जुन्या (डीटीपी) फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर फोनवर अगम्य अक्षरं दिसतात, आणि पत्रकाचा फोटो काढून टाकला तर गूगलच्या शोधात त्यातलं मराठी सापडण्याचा फारसा भरवसा नाही. भाच्याला एवढं एकच सांगितलंत तरी चालेल.

हो, आणि कुणाही सभासद बाईचा खासगी नंबर साइटवर नको. रात्री साडेअकराला ‘हाय डिअर’ येतं. ग्रुपचा वेगळा ईमेल करा, जमलं तर एक वेगळं सिम घ्या आणि ते दर वर्षी पुढच्याकडे द्या.

प्रश्न: आमचा व्हॉट्सॲप ग्रुप मस्त चालू आहे. मग वेबसाइटची कटकट कशाला? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: ग्रुपमध्ये जो आहे त्याला नकोच. पण जो नाही तो आत येणार कसा, त्याला तुमच्यातला कुणीतरी ओळखीचा हवा. परवाच बदली होऊन आलेल्या आणि इथे कुणालाच न ओळखणाऱ्या मुलीला तुमचा पत्ता कोण देणार? शिवाय ग्रुपवर टाकलेली फेरीची माहिती गुड मॉर्निंगच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडली जाते. साइटवर एक पान करा, त्याचीच लिंक ग्रुपवर टाका, प्रश्न विचारला की पुन्हा तीच लिंक. गप्पा ग्रुपवरच होऊ देत, त्या साइटवर आणायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: फुकटची साइट चालेल का पैसे घालावेत? आमच्या बुद्धिबळ क्लबकडे शिल्लक फारशी नाही. (गिरगावातून एक वाचक)

उत्तर: फुकटची बिनधास्त चालेल. घालायचेच असतील तर पैसे साइटच्या पत्त्यातल्या नावासाठी घाला, म्हणजे डोमेनसाठी, बाकी साइटशी जोडणी सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेट वगैरे लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी विचारा का म्हणून.

पण ते नाव कुणाच्या ईमेलवर घेताय ते बघा. आमच्या हौशी क्लबचं डोमेन ज्या मुलाने घेतलं तो नोकरीला बंगळुरूला गेला, रिन्यू करायच्या सूचना त्याच्या जुन्या कॉलेजच्या ईमेलवर जात राहिल्या आणि एका सकाळी साइटच्या जागी कुणा तिसऱ्याचीच जाहिरात. .कॉम सारखं नाव संपल्यावर ते कायमचं सुटण्याआधी ३० दिवसांची एक शेवटची मुदत असते, त्यात सोडवता येतं पण दंडासारखी जादा फी भरून. आम्ही भरली. आता पासवर्ड एका वहीत आहे, वही खजिनदारांच्या कपाटात आणि तिची झेरॉक्स माझ्याकडे.