काठी मागे, ठोका पुढे

पोळा उलटला की व्हिडिओ-एडिटिंगच्या अडचणींच्या माझ्या टपालात मारबत, म्हणजे नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक, शिरते. यंदाही तेच झालं. त्यातलं एक पत्र इतकं नेमकं लिहिलेलं आहे, की उत्तराचा निम्मा भाग प्रश्नातच आहे. म्हणून या अंकात जास्त जागा त्यालाच देते. पत्र असं:

तान्ह्या पोळ्याला इतवारीत पिवळ्या मारबतीची मिरवणूक मोबाइलवर घेतली. सलग एकच शॉट, पाऊण तासाचा. फोनवर पाहतो तर सगळं बरोबर. कॉम्प्युटरवर एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकलं की मोठ्या रस्त्यावर ढोलाचा ठोका आधी ऐकू येतो आणि काठी मागून पडते. अंधाऱ्या गल्लीत शिरल्यावर ते आपोआप जुळत जातं. आवाज चार-पाच फ्रेम सरकवला तर रस्ता जुळतो, गल्ली बिघडते. ताई, सॉफ्टवेअर बदलू का? मित्र म्हणून राहिले की महागडं घे. — एक वाचक, महाल

मित्रांना चहा पाजा आणि पैसे खिशात ठेवा. सॉफ्टवेअरचा यात फार थोडा दोष आहे. गडबड फाइलमध्ये आहे, आणि ‘गल्लीत जुळतं’ हे तुम्ही लिहिलंत त्यातच ती पकडली गेली.

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, घेतो असं आपण म्हणतो, पण तो ते काटेकोर पाळत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो फ्रेम कमी घेतो. फोन तापला की काही फ्रेम गाळतोही. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. कोणती फ्रेम नेमकी कधीची, याची नोंद फाइलमध्ये असते आणि फोनचा प्लेअर ती नोंद वाचून दाखवतो, म्हणून फोनवर सगळं ठीक दिसतं. एडिटिंगची टाइमलाइन मात्र ठरलेल्या चालीने चालते. बरीच सॉफ्टवेअर अख्ख्या फाइलची सरासरी काढतात आणि सगळीकडे तोच दर लावतात. मग उजेडात, जिथे फ्रेम सरासरीपेक्षा जास्त आहेत, तिथे चित्र रेंगाळतं आणि ठोका पुढे जातो. अंधारात फ्रेम कमी, म्हणून चित्र धावून आवाजाला गाठतं. आवाज बिचारा सुरुवातीपासून सरळच चाललाय. तो सरकवून काय होणार?

खात्री करायची तर मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल त्यात टाका आणि फ्रेम रेट मोडसमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘व्हेरिएबल’ दिसलं की निदान पक्कं. अलीकडची काही एडिटिंग सॉफ्टवेअर अशी फाइल समजून घेण्याचा प्रयत्न करतात, पण लांब शॉटमध्ये मी त्यांच्यावर विसंबत नाही. कापायला बसण्याआधीच फाइल सरळ करून घेते.

त्यासाठी हँडब्रेक नावाचं फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर पुरे, तेही फुकट. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० ठेवा आणि ‘कॉन्स्टंट’ निवडा. तयार सेटिंगमध्ये तिथे बहुधा ‘पीक’, म्हणजे ‘जास्तीत जास्त इतके’, असतं. ते तसंच राहिलं तर नवी फाइलही जुन्यासारखीच डुलते, आणि लोक म्हणतात की ताईचा उपाय लागू पडला नाही. टीव्हीचा दर २५ म्हणून इथे २५ निवडू नका. ३० चे २५ करताना मधल्या फ्रेम गळतात, आणि मारबत झटके खात चालल्यासारखी दिसते. क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डिस्कवर जागा असेल तर शटर एन्कोडर नावाच्या सॉफ्टवेअरने डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदला. फुल एचडीला वरच्या दर्जाची अशी फाइल ३० च्या दराने तासाला १०० जीबीच्या घरात जाते, पण कापताना लोण्यासारखी चालते. मूळ फाइल मात्र काम संपेपर्यंत पुसू नका.

जाता जाता याच विषयातलं एक. गच्चीवरून किंवा लांबच्या गॅलरीतून शूटिंग केलं असेल तर थोडा फरक खराच असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ढोल ५० मीटरवर असेल तर ठोका सुमारे १४५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ३० च्या दराने चारेक फ्रेम. पण तेव्हा आवाज मागे असतो, आणि ते डोळ्याला फारसं खुपत नाही, कारण लांबचं आपण जन्मभर तसंच पाहिलेलं असतं. आवाज चित्राच्या पुढे गेला की लगेच टोचतं. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेले आकडेही हेच सांगतात: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला तरी माणसाला कळतो, मागे असला तर १२५ पर्यंत कळत नाही. म्हणून शंका आली की मी आवाज एखादी फ्रेम मागेच ठेवते.

दुसरं पत्र: माझी अडचण थोडी वेगळी आहे. वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल कॅमेऱ्यावर घेतली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला जुळवलं, तासाभराने एक-दोन फ्रेमचा फरक. हाही मोबाइलवाला रोग का? — धरमपेठ

नाही. हा फरक झटक्याने येतो की हळूहळू वाढतो ते पाहा. हळूहळू, एकाच दिशेने वाढत असेल तर ती दोन घड्याळांची गोष्ट आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या वेळ मोजणाऱ्या क्रिस्टलवर चालतात. दोघांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ च्या दराने जवळजवळ दोन फ्रेम. तुमचा आकडा तोच आहे. शेवटची टाळी जुळेल इतका आवाजाचा वेग किंचित कमी-जास्त करा. स्वर बदलू न देण्याची खूण करायला विसरू नका. तेही नको असेल तर दोन बंदिशींच्या मधल्या टाळ्यांत आवाज कापून फ्रेमभर सरकवा. टाळ्यांत कापलेलं कोणाला ऐकू येत नाही.

आजीच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. मे महिना, मागे कूलर. आजीचं बोलणं कळतं, पण घर्र सतत आहे. ते पूर्ण काढून टाकायचं आहे. — प्रतापनगर

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून आजीला बसवा असं म्हणणारी मी नाही. पण पूर्ण काढायचा हट्ट सोडा. कूलरच्या पंख्याचा आवाज खालच्या-वरच्या जवळजवळ सगळ्या स्वरांच्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि आजीचा आवाजही त्याच पट्ट्यांत आहे. वरणात मीठ जास्त पडलं तर पाणी घालून कमी जाणवतं, मीठ काही वेगळं काढता येत नाही. तेवढंच इथे साधतं.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आजी गप्प असलेला दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे नुसत्या घर्रचा नमुना, घ्या, मग सगळा आवाज निवडून ६ ते १२ डेसिबल कमी करा. त्यापुढे गेलात की आजी विहिरीतून बोलते असं वाटतं. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने कापा, म्हणजे मोटरची घरघर थोडी बसते. हल्ली एआयवर चालणारी साधनं बोलणं वेगळं काढून देतात आणि ती खरोखर चांगली आहेत, पण म्हाताऱ्या माणसाचा कापरा स्वर, मधला उसासा, ‘हं’ हेसुद्धा ती घाण समजून पुसतात. आजीचा ‘हं’ गेला तर काय राखलं? मी असं साधन वापरलं तरी मूळ आवाज खाली हळू ठेवून दोन्ही मिसळते.

पुढच्या वेळी साधा कॉलर माइक घ्या, पदराला लावा. माइक तोंडाच्या निम्म्या अंतरावर आला की बोलणं सुमारे ६ डेसिबलने वर येतं, कूलर आहे तिथेच राहतो. रेकॉर्डिंग सकाळी सात-साडेसातला करा. आजी तेव्हा बोलतेही छान.

माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. फोर-के व्हिडिओ टाकला की अडकतो. एका दुकानात ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणाले. — सक्करदरा

नका टाकू. त्यातून व्हायरस आला तर बहिणीच्या लग्नाचं शूटिंग कोणाकडे मागाल? कायद्याचं तर सोडाच. केडेनलाइव्ह आणि शॉटकट उघडपणे फुकट आहेत, आणि दोन्हींत प्रॉक्सी करता येते: मूळ फाइलची हलकी प्रत बनवून तीवर काम करायचं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतं. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फार ताकदीची, पण ८ जीबीवर तुमचा जीव खाईल. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग दोष सॉफ्टवेअरला जातो.

हळदीचा व्हिडिओ आयफोनवर झकास दिसतो, लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला की पिवळा रंग फिका, पांढरं उडालेलं. — काटोल रोड

शूटिंग एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड आणि रंग साठवणाऱ्या प्रकारात, झालंय आणि टाइमलाइन साध्या रेक ७०९ या नेहमीच्या रंगमानकाची आहे. रिझॉल्व्हमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हा रंगमानक बदलणारा इफेक्ट लावून रेक २१०० एचएलजी या एचडीआरच्या मानकावरून रेक ७०९ वर आणा, हळद परत येईल. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट ओढत बसू नका, त्याने नवरीचा चेहरा बिघडतो. पुढच्या लग्नाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा. तिथेच पॅल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करून २५ निवडा. मग मंडपातले एलईडी लुकलुकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.