पेन्सिल संपव

प्रिय बेटा,

परवा तू बर्डीच्या बाजारातून थेट माझ्याकडे आलीस, चोवीस पेन्सिलींचा डबा उघडलास आणि विचारलंस, "सर, यातली नेमकी कोणती?" तेव्हा मी चहाचं निमित्त करून उत्तर टाळलं. ते बरं केलं नाही.

४बी घे. एकच. आणि ती संपव.

१७९५ साली काँते या फ्रेंच संशोधकानं ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून भाजली, तेव्हापासून पेन्सिलीचा सारा खेळ प्रमाणाचा आहे. माती जास्त तर एच, म्हणजे कडक आणि फिकी; ग्राफाइट जास्त तर बी, म्हणजे मऊ आणि काळी; मधली ती एचबी. हलक्या हातानं ४बी एचबीचं काम करते, दाबली की गडद काळी उतरते. ते प्रमाण तुझ्या मनगटात यायला हवं, आणि पेन्सिल झिजून चिमटीत धरता येईनाशी होईपर्यंत ते येत नाही. तुझ्या डब्यातल्या सगळ्या पेन्सिली एकाच उंचीच्या होत्या गं. ते बघून मला राग आला. राग तुझा नव्हता.

तुझ्या वयाचा असताना पगार साठवून मी जलरंगाचा सुती कागद आणला होता. चांगला, जाड, ३०० जीएसएमचा. 'हात बसला की वापरू' म्हणून कपाटात ठेवला. किती पावसाळे गेले! कागद सर्दावला, पिवळे ठिपके आले, वरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, मेलं. शेवटी एका मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, मी त्यावर पहिला वॉश, पाणीदार रंगाचा हात, टाकला. टीपकागदावर शाई पडावी तसा रंग आत गेला. त्या दुपारी मी जेवलो नाही.

म्हणून म्हणतो, संपव. कार्ट्रिज कागदाचं, म्हणजे चित्रकलेच्या नेहमीच्या कागदाचं, साधं पॅड घे, पहाटे फुटाळा तलावावर बस, पॅड संपव, दुसरं घे. महागडं काही मिळालं तर ते आधी संपव.

लोक मला कोळशाचा हट्टी म्हणतात. म्हणोत. त्या ठिपकेवाल्या कागदाला पाणी पेललं नाही, पण त्यानं कोळसा धरला. कागदाचा खरखरीत दाणा शाबूत होता ना! ग्राफाइट दाबलं की चमकतं, कोळसा चमकत नाही. शुक्रवारी तलावावरची संध्याकाळ मला त्यातच सापडली. त्या गठ्ठ्यातले अकरा कागद अजून उरलेत. येत्या रविवारी ये, त्यातले पाच तुझे. घरी न्यायचे नाहीत, इथंच बसून काळे करायचे.

तुझा,
सर