‘द लंचबॉक्स’ काहींना अर्धवट आणि काहींना इतका जवळचा का वाटतो?

आपण लिहिले आहे की ‘द लंचबॉक्स’ आपण पत्नीसोबत पाहिला, चित्रपट संपला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि आपल्याला मात्र तो संथ व अर्धवट सोडलेला वाटला. एकाच चित्रपटाबद्दल दोन समंजस माणसांची मते इतकी वेगळी कशी होतात, असा आपला प्रश्न आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मी तो एकट्याने पाहिला आणि त्यानंतर आई-वडिलांसोबत, एका सहकाऱ्यासोबत आणि मावसभावासोबत पुन्हा पाहिला. प्रत्येक वेळी मतभेद झाले आणि ते दर वेळी निराळ्या जागी झाले, म्हणून त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

प्रथम शंकेखोरांविषयी, कारण त्यांचा आक्षेप कथेच्या मुळावरच आहे. कथा अशी की मुंबईतली इला ही गृहिणी नवऱ्यासाठी पाठवते तो डबा चुकून साजन फर्नांडिस या एकाकी विधुराकडे पोहोचतो आणि डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात. डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून चालत आली आहे आणि तिची अचूकता जगभर अभ्यासाचा विषय झाली आहे. चित्रपटातला डबेवालाही इलाला हेच अभिमानाने ऐकवतो आणि चूक झाल्याचे मान्यच करत नाही. मग इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा रोज साजन फर्नांडिसच्याच टेबलावर कसा पोहोचतो, हे माझ्या सहकाऱ्याला शेवटपर्यंत पटले नाही आणि त्यामुळे पुढचे काहीच त्याच्या मनाला भिडले नाही. मला मात्र ही मांडणी पटते. डबा कोणाचा आहे हे वाचून नव्हे, तर झाकणावरच्या खुणा पाहून तो हातोहात पुढे सरकतो. त्यामुळे एकदा का दोन डब्यांच्या खुणांची अदलाबदल झाली की व्यवस्था जितकी शिस्तीची, तितक्याच शिस्तीने ती चूक रोज होत राहणार. इलाच्या नवऱ्याला त्याच काळात खाणावळीची फ्लॉवरची भाजी मिळत राहते, हा तपशील दिग्दर्शक रितेश बत्रा यांनी काळजीपूर्वक ठेवला आहे. चूक बेशिस्तीतून झालेली नाही, हे लक्षात आले की निम्मी शंका मावळते.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. ‘संथ’ आणि ‘अर्धवट’ हे दोन्ही शब्द मी अनेकांकडून ऐकले आहेत आणि ते म्हणणारे जवळजवळ सगळे प्रेक्षक इला आणि साजन केव्हा भेटणार याची वाट पाहत बसलेले होते. यात त्यांचा दोष नाही. आपला हिंदी चित्रपट पाहण्याचा सराव असा आहे की एका बाजूला एकाकी विधुर, दुसऱ्या बाजूला नवऱ्याने दुर्लक्षिलेली तरुण स्त्री आणि मध्ये चिठ्ठ्या दिसल्या की आपण ती प्रेमकथा धरून चालतो आणि प्रेमकथेत भेट झालीच पाहिजे, असे मानतो. येथे तर इला इराणी हॉटेलात वाट पाहत बसते, साजन तिथे जातो, दुरून तिला पाहतो आणि न भेटता परत येतो. मावसभाऊ या ठिकाणी अक्षरशः चिडला होता. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच प्रसंगी शेजारी बसलेले माझे वडील गप्प होते, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की लोकलमध्ये एका मुलाने पहिल्यांदा ‘काका, बसा’ म्हणून जागा दिली, तो दिवस त्यांना अजून आठवतो. साजनवरही नेमका तसाच प्रसंग येतो. न्हाणीघरात त्याला आपल्या आजोबांच्या अंगाचा वास येतो आणि तो वास आपलाच आहे हे उमगते. हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्याला त्या माणसाचे मागे फिरणे समजावून सांगावे लागत नाही. ज्याने अनुभवलेले नाही त्याला ते पळपुटेपणाचे वाटते.

माझे स्वतःचे मत असे की या चित्रपटातली खरी अनपेक्षित मैत्री साजन आणि शेख यांची आहे, आणि तिच्याकडे ज्याचे लक्ष गेले त्याला चित्रपट अपुरा वाटत नाही. साजन पस्तीस वर्षे एकाच कचेरीत दाव्यांचे हिशेब तपासत आलेला, गल्लीतल्या मुलांवर डाफरणारा, निवृत्तीला टेकलेला माणूस आहे. त्याच्या जागी यायचा असलेला शेख हा अनाथ, बडबड्या, काहीसा चिकट. लोकलमध्ये कार्यालयाच्या कागदांवर भाजी चिरणारा. साजन त्याला शिकवण्याचे टाळतो, वेळ देऊन भेटत नाही. पण जसजशा इलाच्या चिठ्ठ्या येऊ लागतात, तसतसा हा माणूस समोरच्या माणसाला थोडी थोडी जागा देऊ लागतो. आधी डब्यातले जेवण वाटून घेतो, मग शेखने हिशेबात केलेली घोडचूक स्वतःच्या अंगावर घेतो आणि अखेर त्याच्या लग्नात वराकडचा एकमेव नातेवाईक म्हणून उभा राहतो. शेख बोलताना वारंवार ‘आई म्हणायची’ असे म्हणतो आणि नंतर कबूल करतो की आई नव्हतीच, पण तसे म्हटले की बोलण्याला वजन येते. नवाझुद्दीन सिद्दीकी हे वाक्य इतक्या सहज बोलतात की लोक हसतात. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात त्याइतके एकटे वाक्य दुसरे नाही. इलाच्या चिठ्ठ्यांचे फळ भेटीत शोधणाऱ्यांना ते सापडत नाही, कारण ते आधीच या लग्नाच्या मांडवात आलेले असते.

तरीही आपला आक्षेप मी पूर्णपणे बाजूला सारणार नाही, कारण माझ्या आईने त्याचीच एक अधिक कठोर आवृत्ती मांडली होती. तिचे म्हणणे असे की साजनला चिठ्ठ्यांतून मित्र मिळाला, घर मिळाले, पुन्हा माणसांत येणे जमले. इलाला काय मिळाले? नवऱ्याच्या शर्टाचा वास घेऊन तिला जे कळायचे ते कळले, वडील गेले, आणि शेवटी दागिने विकून लहान मुलीला घेऊन भूतानला जायचे तिने ठरवले, तेही एकटीने. पैसे किती दिवस पुरतील, याचे उत्तर कोणी देत नाही. हा प्रश्न रास्त आहे आणि चित्रपट त्याच्यापुढे खरोखरच थोडा हात राखून थांबतो, असे मलाही वाटते. आईला सर्वांत जवळची वाटली ती मात्र इला नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू, ज्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली, एवढ्यावर ती बाई उभी आहे. पंधरा वर्षे पंख्याकडे टक लावून पडून असलेल्या नवऱ्याची ती सेवा करते आणि तरीही तिचा आवाज प्रसन्न आहे. आजारी माणसाची दीर्घकाळ सेवा केलेल्या घरांत या काकूंविषयी जितके बोलले जाते, तितके नायक-नायिकेविषयी बोलले जात नाही, असा माझा अनुभव आहे.

मते बदलण्यात काळाचाही हात असतो. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गौरव झाल्यानंतर आणि ऑस्करसाठी भारताकडून दुसऱ्या चित्रपटाची निवड झाल्यानंतर इतकी चर्चा झाली की काही जण केवळ ती अपेक्षा घेऊन गेले आणि एवढ्या शांत चित्रपटाने त्यांची निराशा केली. पुढे २९ एप्रिल २०२० रोजी साजनची भूमिका करणारे इरफान खान गेले, आणि त्यानंतर मी हा चित्रपट पाहिला तेव्हा निवृत्त होऊन नाशिकच्या गाडीत बसलेला तो माणूस पाहवेना. त्यांनी ही भूमिका केली तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. म्हातारपण त्यांनी केवळ खांदे आणि आवाज यांतून आणले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नव्हते.

आपण पुन्हा पाहणार असाल तर भेटीची वाट न पाहता साजन आणि शेख यांच्या जेवणाच्या सुट्ट्या पाहाव्यात, एवढेच सुचवतो. आणि शेवट उघडा सोडला आहे म्हणून मनाला रुखरुख लागली, तर आईचा हिशेब सांगतो. साजन नाशिकच्या वाटेवरून माघारी येतो आणि रिकामे डबे परत नेणाऱ्या डबेवाल्यांसोबत निघतो. इला घरी मुलगी शाळेतून येण्याची वाट पाहत असते. शाळा सुटण्याची वेळ आणि डबा घरी परत येण्याची वेळ फारशी लांब नसते, तेव्हा तो दारात पोहोचला तेव्हा इला घरीच असणार, असे आई ठामपणे म्हणते.