मे महिन्यात गच्चीवर चढ

अनेक आशीर्वाद.

पुणे विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात रुजू झालीस, बरं वाटलं. फोनवर म्हणालीस, नुसत्या तक्रारींच्या वह्या आहेत, शिकायला काही नाही. त्या वह्याच आधी वाच. कुठली भिंत दर श्रावणात ओली होते, हे नकाशात नसतं.

मुख्य इमारत मुंबईच्या गव्हर्नरासाठी उभारली. काम 1864 ला सुरू झालं, विद्यापीठ आलं 1949 साली. म्हणजे आजच्या कचेऱ्यांची गरज बांधणाऱ्यांच्या डोक्यातही नव्हती. 22 जून 1897 च्या रात्री इथला समारंभ आटोपून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, ते पाहुण्यांना सांगायला दुसरे आहेत. तू मान वर करून पन्हाळी बघ.

त्या काळचं दगडी बांधकाम चुन्यातलं. ठेकेदार म्हणेल, ‘मॅडम, सिमेंट मारून देतो, दोन दिवसांत मोकळे.’ हो म्हणू नकोस. चुना ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंटने सांधे बुजवले की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. दोन पावसाळे काही दिसत नाही, हीच त्यातली फसवणूक. चुन्याने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला वेळ लागतो, जाणता गवंडी लागतो, दरही चढा येतो. फाइल शेरा मारून परत येईल. पुन्हा पाठव.

सांध्यात पिंपळ उगवला तर ओढून काढू नकोस. मूळ तुटून आत राहतं आणि पुन्हा फुटतं. कापून मुळावर औषध लाव, ते मेल्यावर फट भर.

आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची स्वतंत्र संस्था, तिची देखभाल तुझ्याकडे नाही. तरी जा. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी तिथे आखलेल्या कुंडात लोक आर्यभट, न्यूटन, आइन्स्टाइनच्या पुतळ्यांपाशी फोटो काढतात. तू भर पावसात जाऊन पाणी कुठे उतरतं ते बघ.

आणि जुन्या प्लंबरशी गोडीने राहा. आवारातले व्हॉल्व्ह कुठे पुरलेत हे बहुतेक वेळा अशाच एखाद्या माणसाच्या डोक्यात असतं. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्यासोबत फिरून सगळं नकाशावर मांडून घे, आणि खाली त्याचंही नाव लिही.

पन्हाळ्यांतला पालापाचोळा मे संपायच्या आत निघाला पाहिजे. शिडीखाली माणूस उभा ठेव. पावसाळा सरला की कोणत्या खोल्या ओलावल्या ते कळव.

तुझा,
काका