खानदेशात लोकांनी जपलेली छोटी संग्रहालयं आणि जुनी ठिकाणं आहेत का? दोन दिवसांत काय पाहता येईल?

तुम्ही लिहिलंय की कोकण किनाऱ्यावरच्या आडगावांतली छोटी संग्रहालयं पाहिली आणि तसं काही खानदेशात आहे का, म्हणून विचारलंय. आहे. पण इथे समुद्र नाही, त्यामुळे मुद्दाम कुणी वाट वाकडी करत नाही. अजिंठ्याला जाणारे जळगावला उतरतात आणि परस्पर निघून जातात. दुसरा फरक म्हणजे इथली बरीच संग्रहालयं गावाने ठरवून काढलेली नाहीत. कुणा एका हट्टी माणसाने आयुष्यभर काहीतरी साठवलं आणि तो गेल्यावर मागच्यांनी ते भंगारात जाऊ दिलं नाही, अशी त्यांची कुळकथा आहे.

सुरुवात चाळीसगावला करा. स्टेशनच्या जवळच केकी मूस यांचं घर आहे. मुंबईत जन्मलेला (१९१२), विलायतेत शिकून आलेला हा पारशी चित्रकार-छायाचित्रकार या घरात राहिला आणि जवळपास ५० वर्षं फारसा बाहेर पडलाच नाही. घराचं नावही ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. तिथे गेलात की निलोफरची गोष्ट हमखास ऐकवतील : ती पंजाब मेलने येईन म्हणाली होती, आणि केकी रोज गाडीच्या वेळेला दार उघडून वाट पाहत. गोष्ट ऐका, पण तिच्यातच अडकू नका. माझ्या मते त्या गोष्टीने माणसाचं काम झाकून टाकलंय. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, दिव्यांचा उजेड हवा तसा फिरवायचा आणि मोकळ्या माळावरचं दृश्य वाटेल असा फोटो काढायचा, ही त्यांची खासियत. त्या फोटोंसमोर आधी लांब उभे राहा, मग जवळ जा आणि सावल्या कुठून येतात ते शोधा. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने खोलीतच माळरान उभं केलं होतं, हे तेव्हा कळतं. चित्रं, लाकडी आणि कागदी कामही आहे, पण वेळ फोटोंना द्या.

चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटरवर पाटण गावाजवळ पाटणादेवी. लोक देवीला आणि धबधब्याला जातात. थोडा वेळ जवळच्या हेमाडपंती महादेव मंदिरालाही द्या. याच पाटणच्या भवानी मंदिरात डॉ. भाऊ दाजींना १८६५ च्या सुमारास शके ११२८ चा शिलालेख सापडला. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव (आपले तापीकाठचे चांगदेव नव्हेत, हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी) याने मठ काढला, त्याच्या खर्चाची सोय त्या लेखात आहे. शेवटचा भाग चक्क मराठीत. बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, घाण्यामागे पळीभर तेल, आणि इथे जे मोजलं जाईल ते मठाच्या मापाने मोजायचं. गणिताच्या शाळेचा खर्च तेल्याने आणि व्यापाऱ्याने उचलायचा, असा सरळ हिशेब. हे वाचून गेलात तर भवानीचं देऊळ वेगळं दिसेल.

दुसऱ्या दिवशी धुळे. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्ही एकाच सकाळी होतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. (केकी मूसही ३१ डिसेंबरलाच गेले, १९८९ मध्ये.) गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या या माणसाच्या मागे त्याचे कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून १९२७ मध्ये मंडळ उभं राहिलं. मूर्ती, नाणी, ताम्रपट असं बरंच काही आहे. वाग्देवता मंदिर म्हणजे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली बाडं. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण इथलंच. पण हे काचेच्या कपाटांचं प्रदर्शन नव्हे, रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत. काय पाहायचंय हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘दाखवा काहीतरी’ म्हणालात तर पाच मिनिटांत बाहेर याल. नाव घेऊन विचारलंत, तर तिथली माणसं हौसेने बोलतात.

जळगावात गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय मोठं आणि नीटनेटकं आहे, त्याची माहिती सगळीकडे मिळते. मी त्याऐवजी जुन्या गावातला चौधरी वाडा सांगेन. बहिणाबाईंचं सासर. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभराने, पुस्तक आलं. वाड्यात त्यांची रोजच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं ठेवली आहेत. ज्यांच्या घरी जातं अजून आहे त्यांना यात विशेष काय असं वाटेल, पण शहरातल्या मुलांना जरूर न्या.

प्रवास सोपा आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या चाळीसगावला थांबतात, तिथून धुळ्याला रेल्वेचा फाटा आहे, एसटी तर आहेच. मे महिन्यात मात्र येऊ नका, दुपारी बाहेर पडवत नाही. सप्टेंबर ते जानेवारी बरं, त्यातही हिवाळ्यात आलात तर भरताची वांगी मिळतील. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करा. मोठ्या म्युझियमसारखी तिकीट खिडकी आणि ठरलेली वेळ सगळीकडे सापडेल असं धरून चालू नका, आणि किल्लीवाला लग्नाला गेला असेल तर तो परत येईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. एकच दिवस हाताशी असेल तर धुळे सोडा, चाळीसगाव आणि पाटण करा.